दोन मुलींचं अंतर

"तोमोए, पाठ!"

कावानिशींच्या घरात सकाळ उजाडायची ती या दोन शब्दांनी. सुपाचा वाडगा ओठांपर्यंत पोहोचेतो तोमोएला ते तीनदा ऐकावे लागत. एकदा आईकडून, एकदा आजोबांकडून आणि तिसऱ्यांदा पुन्हा आईकडून, जरा वरच्या पट्टीत. मग तोमोए टुणकन सरळ व्हायची. पाच श्वास मोजेपर्यंत तशीच राहायची. आणि मग उन्हात झोपायला जागा शोधणाऱ्या मांजरासारखी तिची पाठ हळूहळू गोल होत खाली बसायची.

चौदा वर्षांची मुलगी, आणि मागून पाहिलं तर वाटावं, कुणी म्हातारी समुद्रकाठी शिंपले वेचतेय!

उपाय काय कमी झाले? आजोबांनी आपल्या लहानपणी करायचे तशी शिवणकामाची बांबूची पट्टी तिच्या सदऱ्यात मागून खोचून पाहिली. जेवताना ती मानेपाशी बाहेर डोकवायची आणि आल्यागेल्याला वाटायचं, पोरगी शिंपीण होणार. आईनं टपालानं पाठीचा पट्टा मागवला. तो दिवसभर करकचून बांधायचा आणि संध्याकाळी काढला की पाठ दुप्पट वाकायची, जणू कैदेचा सूड उगवायची. बंदरावरच्या हाडवैद्यानं कडाकड आवाज काढले आणि "झाली सरळ!" असं जाहीर केलं. ती सरळ पाठ बसथांब्यापर्यंत टिकली. शेजारच्या काकूंनी औषधी पाल्याचे चटके दिले. मग आली चुंबकांची माळ, मग उतरती उशी, मग गुडघे टेकून बसायची खुर्ची. माळ्यावर एक छोटं दुकान थाटता आलं असतं!

"एवढं करूनसुद्धा काही उपयोग नाही," आई वैतागून म्हणायची. "या मुलीला सरळ व्हायचंच नाहीये!"

आणि आई रागाच्या भरात जे बोलायची, ते अगदी खरं होतं.

त्यांच्या शाळेत मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहत. सगळ्यात बुटकं पुढे, सगळ्यात उंच मागे. पहिलीपासून असंच. सकाळची सभा असो, सहल असो की खेळांचा दिवस. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की उंची मोजायची, यादी करायची आणि ती यादी वर्षभर चालवायची. रांग लागली की दोन्ही हात पुढे ताणायचे आणि पुढच्याच्या पाठीपासून बोटभर अंतर ठेवायचं. तोमोएच्या बोटांपुढे कायम एकच पाठ असायची. नागीची.

नागीच्या बाबांची ऑलिव्हची बाग होती. तिच्या केसांना संत्र्याच्या सालीचा वास यायचा आणि ती हसली की उतारावरून पत्र्याचा डबा गडगडत गेल्यासारखं वाटायचं. सभेत मुख्याध्यापक बोलत असताना नागी ओठ न हलवता काहीतरी पुटपुटायची आणि तोमोएच्या पोटात हसू उसळायचं. शाळेतली ती सगळ्यात छान दहा मिनिटं असायची.

चौथीत असताना तोमोए अचानक भराभरा वाढू लागली. बूट लहान झाले, बाह्या आखूड झाल्या. तेव्हा नागी रडली होती. "तू मागे गेलीस तर माझ्या मागे कोण? जाऊ नको ना गं!" तोमोएनं मान डोलावली. पुढच्या वेळी उंची मोजताना तिनं सगळा श्वास सोडला, मान खांद्यात ओढून घेतली आणि गुडघे अगदी तीळभर वाकवले. जमलं की! नागीच्या मागची जागा राहिली. त्यानंतर दर वर्षी तिनं तेच केलं. आधी तोमोए पाठीला वाकवायची. मग कधीतरी पाठच तोमोएला वाकवायला लागली.

आता खांद्यांमागे दिवसभर निखारा ठेवल्यासारखं जळायचं. शाळेचा चढ चढताना श्वास अर्ध्यात अडायचा. पण पुढचं वर्ष इथल्या शाळेचं शेवटचं होतं. त्यानंतर नागी समुद्रापलीकडच्या ताकामात्सु शहरात मावशीकडे राहून शिकणार होती. एकच वर्ष उरलं होतं. पाठ सरळ केली की ते वर्ष हातातून गेलं. आता सांगा, तोमोएनं काय निवडावं?

कावानिशींच्या घरी सोमेन बनत. केसासारख्या बारीक, हातानं ओढलेल्या शेवया. थंडी सुरू झाली की त्या अंगणात उंच उंच मांडवांवर वाळत घालत आणि मग अंगण अंगण राहत नसे. पांढरे पडदेच पडदे! वारा आला की सगळे एकदम श्वास घेतल्यासारखे हलायचे. सुट्टीच्या दिवशी दोन लांब काठ्यांनी शेवया वरपासून खालपर्यंत अलगद सोडवायचं काम तोमोएकडे असे. एकीला दुसरी चिकटता कामा नये.

त्या पडद्यांच्या आत शिरलं की तिला कुणी दिसायचं नाही आणि तीही कुणाला दिसायची नाही. ऊन शेवयांतून गाळून अंगावर पडायचं. पलीकडचा समुद्र हजार निळ्या रेघांचा व्हायचा. काठी वर, आणखी वर नेता नेता तोमोएला वाटायचं, आपलं डोकं मांडवाच्या वर निघालंय. मग कौलांच्या वर, ऑलिव्हच्या झाडांच्या वर, थेट त्या डोंगरापर्यंत, जिथून आजूबाजूची सगळी बेटं झोपलेल्या गाईंसारखी दिसतात. तिथं तिला काहीच दुखायचं नाही. मग आईची हाक यायची आणि ती पडद्यांतून बाहेर येईपर्यंत पुन्हा म्हातारी झालेली असायची.

आजोबांनी हे एकदा पाहिलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात ते राहिलं.

नोव्हेंबरात एके दिवशी सभेत तोमोएला घेरी आली. तिला आरोग्याच्या खोलीत नेलं. तिथल्या उरासाकी बाई बुटक्या, गोलमटोल आणि शाळेत सगळ्यात कमी ओरडणाऱ्या.

"पड इथं. बोलू नको. छतावर तो डाग आहे ना, त्यात काय दिसतं ते उठल्यावर सांग."

तोमोएला त्या डागात आधी बेडूक दिसला, मग नाव दिसली. नाव हलायला लागली. आपण उन्हाळ्यात समुद्रावर उताणं तरंगतो तशा तरंगतोय आणि लांब होत चाललोय, असं तिला वाटलं. पाय एका किनाऱ्याला टेकले, केस दुसऱ्याला. मधून बोटी भोंगे वाजवत चालल्यात आणि कुणी म्हणत नाही, की ए मुली, जरा आखडून घे...

डोळे उघडले तर बाई तिच्या पायाशी मोजपट्टी धरून उभ्या!

"एकशे चौसष्ट," बाई म्हणाल्या. "सप्टेंबरच्या तपासणीत मीच मोजली होती, तेव्हा एकशे सत्तावन्न होतीस. आता झोपल्यावर माणूस एखाद-दीड सेंटिमीटर लांब होतोच. पण सात? बाकीचे कुठं ठेवून आली होतीस गं?"

तोमोएनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"हे बघ, हाड वाकलं असतं तर झोपूनही वाकडंच राहिलं असतं. तुझी पाठ तर गादीवर कशी छान सपाट झाली. मला वाटतं, हाड नाही वाकलेलं. सवय वाकलीय. डॉक्टरांना दाखवून खात्री करू. पण ही चांगली बातमी आहे की! रडतेस काय?"

"रडत नाहीये, बाई."

"मग छत गळत असेल."

त्याच आठवड्यात बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आजोबाही टोपी घालून बरोबर आले.

"मी काय कमी केलं हो, बाई?" आई म्हणाली. "पट्टे झाले, चटके झाले. दिवसातून पन्नासदा सांगते, सरळ उभी राहा म्हणून."

"पन्नासदा?"

"साठदा," आजोबांनी दुरुस्ती केली.

"बरं. आणि 'का वाकतेस' असं कितीदा विचारलंत?"

आईनं मोजायला बोटं उघडली आणि एकही न दुमडता हात मांडीवर ठेवला. 

"पडद्याआड सरळ असते ती," आजोबा एकदम म्हणाले. "शेवया सोडवताना. मी पाहिलंय. बाहेर आली की मिटते."

बाईंनी मान हलवली आणि त्या आईकडे वळल्या. "म्हणजे तिच्या पाठीला येतं सगळं. सुमिएबाई, पट्टा पाठीला धरून ठेवतो, म्हणून पाठ आळशी होते. तो सोडा. कडाकडा मोडून घेणंही बास झालं. तिला अशा कुणाकडे न्या, जो आधी तपासेल आणि मग तिच्याकडूनच काम करून घेईल. आणि घरात ते 'पाठ, पाठ' महिनाभर बंद!"

"महिनाभर?" आई अशी दचकली, जणू तिला मीठ सोडायला सांगितलं होतं.

मग बोटीतून समुद्र ओलांडून ताकामात्सुचं रुग्णालय झालं. एक्स-रे झाला. मणके ठीक होते. "पण वाढीच्या वयात वर्षानुवर्षं असंच चाललं तर पुढे वळवणं अवघड जातं," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच आलात ते बरं." व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तीन व्यायाम दिले. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे, पालथं पडून छाती उचलायची आणि खांद्यांची पाती मागे मिटून धरायची. इतके साधे, की आईचा चेहराच पडला.

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. पण रोज दोनदा आणि काही महिने. चमत्कार हवा असेल तर आमच्याकडे मिळत नाही," ताई हसल्या.

दहा दिवसांत तोमोए कंटाळली. एक दिवस तिनं चिडून व्यायाम तिप्पट केले आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. आजोबा तिला कणकेपाशी घेऊन गेले. ओढून झालेले दोर ओल्या फडक्याखाली झाकलेले होते.

"हे का झाकलेत?"

"विसाव्याला. ओढलं की झाकायचं, झाकलं की थांबायचं, मग पुन्हा ओढायचं."

"आणि घाई केली तर?"

"तटकन तुटतं. मग आजोबा ओरडतात आणि त्या दिवशी सगळ्यांना तुकड्यांचं सूप."

तोमोए खुदकन हसली. तेव्हापासून ती बेतानं करू लागली. फेब्रुवारीत निखारा विझत आला. श्वास चढाच्या टोकापर्यंत पुरू लागला. आणि तरीही शाळेत पाऊल टाकलं की पाठ आपली गोल!

"एक वही कर," उरासाकी बाई म्हणाल्या. "वाकलीयेस असं जाणवलं की फक्त वेळ लिही. का, कशाला, काही नको."

आठवड्यानं बाईंनी वही उघडली. आठ वीस. आठ वीस. आठ वीस. दहा पन्नास. आठ वीस.

"आठ वीसला सभेची रांग लागते," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि दहा पन्नासला?"

"मधली सुट्टी. नागी वर्गाबाहेर माझ्यासाठी थांबलेली असते."

"रांगेत तुझ्यापुढे कोण असतं?"

तोमोएनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात बोटीचा भोंगा. मग तिनं सगळं सांगितलं. चौथीतलं रडणं, सोडलेला श्वास, तीळभर वाकवलेले गुडघे, उरलेलं एक वर्ष. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून यादी काढली आणि तोमोएची खरी उंची त्यात पेन्सिलीनं लिहिली.

"तू सातवी उभी राहतेस. खरी उभी राहिलीस तर नववी, सगळ्यात मागे. तुझ्या आणि नागीच्या मध्ये कोण येतं, बघ."

"अझुसा. आणि होनामी."

"दोघी. दोन मुलींच्या अंतरासाठी पाच वर्षं पाठ मोडून घेतलीस, पोरी!"

दोन मुली! तोमोएला वाटत आलं होतं, रांगेचं शेवटचं टोक म्हणजे समुद्रापलीकडचा किनारा.

"नागीला विचारलंस कधी?"

"नाही."

"व्यायामानं पाठीला ताकद येईल. आली पण. पण ताठ उभं राहायचं की नाही, हे पाठीला कुणी विचारत नाही. ते तुझं तुला ठरवावं लागेल."

ठरवायला तिनं एप्रिल उजाडू दिला. चेरीची फुलं गळत होती, आरोग्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर गुलाबी चिखल झाला होता. मुली अनवाणी पायांनी कुजबुजत उभ्या होत्या. तोमोएच्या मागेच नागी.

तोमोए मोजकाठीच्या पाटावर चढली. आणि सवयीनं, अगदी नकळत, श्वास सुटला, मान आत गेली, गुडघे सैल झाले. बाईंच्या हातातली आडवी फळी खाली आली असती तर एकशे सत्तावन्न. पण फळी आलीच नाही.

"मला घाई नाही," बाई हळूच म्हणाल्या. "हवं तेवढं थांबते."

खोली जणू पाण्याखाली गेली. मुलींची कुजबुज लांबून यायला लागली. तोमोएनं डोळे मिटले. पडद्यांआडचं ऊन आठवलं. तिनं श्वास घेतला, मग आणखी घेतला. पाठीतून काहीतरी एकेक मजला वर चढत गेलं आणि फळी डोक्याला टेकली, टक्!

"एकशे त्रेसष्ट!"

"काय?" नागी किंचाळली. "सुट्टीत सहा सेंटिमीटर? तोमो, काय खाल्लंस तू? मलाही दे!"

"मी... मी आधीपासूनच एवढी आहे."

"म्हणजे?"

तोमोएनं तिथंच, पाटावर उभ्या उभ्या सांगून टाकलं. नागीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लालबुंद.

"मूर्ख आहेस का गं तू?"

"तू रडली होतीस. मागे जाऊ नको म्हणाली होतीस."

"चौथीत? चौथीत मी मेलेल्या गोगलगायीसाठीसुद्धा रडले होते! मला तर आठवतही नाहीये!" आणि मग एकदम तिचाच आवाज फुटला. "मला वाटायचं, तुला माझ्यासोबत असणं आवडत नाही. सारखी मान खाली. मी काहीही बोलले तरी जमिनीकडे बघायचीस. मी इतकी वर्षं विचारायला घाबरत होते! माझ्यासाठी स्वतःला दुखवून घेतलंस आणि मला एका शब्दानं विचारलंही नाहीस?"

"तूही नाही विचारलंस," तोमोए म्हणाली.

नागीनं नाक पुसायला मान खाली घातली. तोमोएला पहिल्यांदाच दिसलं, की नागीच्या भांगात एक पांढरा केस आहे. वरून बघितलं की काय काय दिसतं!

"पुढच्या मुलीला यायचंय," बाई म्हणाल्या. "गळाभेट बाहेर घ्या. उंबरा निसरडा आहे, पडू नका."

नागी तिथंच थांबणारी नव्हती. त्याच दुपारी वर्गसभेत तिनं हात वर केला.

"सर, आपण उंचीप्रमाणेच का उभं राहायचं?"

वर्गशिक्षक ओकुमुरा सर तरुण होते, नीटनेटके होते आणि यादीवर त्यांचं प्रेम होतं. "का म्हणजे? मागच्यांना दिसावं म्हणून."

"पण सभेत बघायला मुख्याध्यापकच असतात, सर. ते व्यासपीठावर उभे राहतात."

वर्ग फसकन हसला. सर हसता हसता थांबले. "बरोबर आहे. पण... नेहमी तसंच असतं ना."

मग तोमोए उठली. पाठ ताठ होती. "सर, पहिलीपासून रोज आम्हाला सांगितलं जातं की तू बुटका, तू उंच. कुणी सांगत नाही, पण उभं करून दाखवतात. मी पाच वर्षं ते लपवत होते."

पहिल्या बाकावरचा योशिताका, सात वर्षं मुलांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहिलेला, टेबलाकडे बघत म्हणाला, "मी बुटात कागद घालून यायचो." कुणीच हसलं नाही!

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "मी शाळेत असताना सगळ्यात मागे असायचो," ते म्हणाले. "मला 'विजेचा खांब' म्हणायचे. आणि तरी यादी करताना मला एकदाही सुचलं नाही... चूक माझी आहे. शाळेचं मी मुख्याध्यापकांशी बोलेन. आपल्या वर्गाचं आत्ताच ठरवू. दर महिन्याला चिठ्ठ्या!"

चिठ्ठ्या काढल्या. आणि नशिबाची गंमत बघा! मुलींच्या रांगेत तोमोए आली पहिली आणि नागी नववी!

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सगळ्यांनी हात पुढे ताणले. जी पहिली असते, तिच्यापुढे कुणीच नसतं, म्हणून तिनं हात कमरेवर ठेवायचे असतात. तोमोएनं आयुष्यात पहिल्यांदा हात कमरेवर ठेवले. कोपरं दोन्हीकडे पसरली, खांदे आपोआप मागे गेले. समोर शाळेची भिंत होती आणि भिंतीवरून, तिला कधीच न दिसलेला, समुद्र दिसत होता. सकाळची बोट त्यावर इतकी हळू चालली होती, की ती चाललीये की स्वप्नात उभी आहे, तेच कळेना. मुख्याध्यापक काहीतरी बोलले. आणि मागून, सात मुलींच्या पलीकडून, पत्र्याचा डबा गडगडत आला. नागी हसत होती. स्पष्ट ऐकू येत होतं. अगदी कानाशी बसल्यासारखं!

वाचकहो, तोमोएचे व्यायाम अजून चालू आहेत. सकाळी भिंतीला, संध्याकाळी चटईवर, न चुकता. वर्षानुवर्षांची वाकलेली पाठ एका पट्ट्यानं, एका कडाक्यानं किंवा साठ हाकांनी सरळ होत नाही. त्याला नीट तपासणारा डॉक्टर लागतो, थोडे थोडे रोजचे कष्ट लागतात आणि थांबायची तयारी लागते. पण त्याआधी आणखी एक गोष्ट लागते आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत कुणी खांदे पाडून चालत असेल, तर 'सरळ उभा राहा' म्हणण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, तू कशापासून लपतोयस? आणि तो जिच्यापासून लपतोय ती गोष्ट जर आपणच, कधीतरी, सहज म्हणून, उंचीनं, रंगानं किंवा गुणांनी लावलेली रांग असेल, तर ती रांग आधी मोडा. माणसं मग आपली आपण उभी राहतात!